इस्रायलचे ताट



ह्या व्यासपीठावर आम्हांस पूर्वी दोनदा बोलावले, ते बोनस आणि किमान वेतन ह्या विषयांवर बोलण्यासाठी. ह्या वर्षी चिटणिसांचे पत्र आले, विषय : इस्रायलमधील लोकप्रिय पदार्थ. आम्हांस वाटले, पत्र शेजारच्या घरी जावयाचे ते चुकून आमच्याकडे आले. आमच्या घरच्यांनी तर विचारले, ‘तुम्हांला साधा चहा करता येत नाही, तुम्ही काय बोलणार?’ प्रश्न रास्त होता. पण विचार करता ध्यानात आले की, तीस वर्षे कारखान्याच्या फाटकावर उभे राहून आम्ही सर्वांत जास्त काही पाहिले असेल तर ते माणसांचे डबे. डब्यावरून माणसाचे गाव कळते, पगाराचा आठवडा पहिला की शेवटचा हे कळते, घरची बाई आजारी असली तर तेही कळते. तेव्हा इस्रायल नावाच्या देशाचा डबा उघडून पाहावा, एवढाच आमचा अधिकार. पाककृतीच्या अचूक प्रमाणाची अपेक्षा कृपा करून ठेवू नये.

२०१८ च्या हिवाळ्यात कामगार प्रतिनिधींच्या एका लहान तुकडीबरोबर आम्ही आठ दिवस त्या देशात होतो. मेजवान्या झाल्या, त्या विसरलो. लक्षात राहिली ती तेल अवीवमधील एका गल्लीतली दुपार. एका टपरीसमोर रांग होती. रंगाने माखलेले दोन रंगारी, बसचा ड्रायव्हर, खांद्याला बंदूक अडकवलेली वीस वर्षांची एक पोरगी आणि मागे आम्ही. टपरीवाल्याने पिटा घेतला. पिटा म्हणजे पोकळ पोटाची जाडसर रोटी. ती एका कडेने फाडून त्याने आत तळलेल्या वांग्याच्या चकत्या भरल्या, तपकिरी झालेले उकडलेले अंडे चिरून घातले, बारीक चिरलेली काकडी आणि टोमॅटो, वर तिळाची पातळ चटणी. मग पिवळ्या रंगाच्या भांड्यात पळी बुडवून त्याने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, ‘अंबा?’

आम्ही दचकलो. हिब्रू आम्हांस एक अक्षर येत नाही, आणि हा गृहस्थ आमच्या आजीच्या भाषेत आम्हांस विचारीत होता. आम्ही मान डोलावली. पळी रिकामी झाली. कैरीचे, मेथीचे, हळदीचे आंबट-कडवट लोणचे, पातळ केलेले. डोळ्यांत पाणी आले ते मिरचीने आले असे आम्ही बरोबरच्यांना सांगितले.

ह्या पदार्थाचे नाव साबिख. तो इराकमधून आलेल्या ज्यूंचा. १९५० आणि १९५१ ह्या दोन वर्षांत सुमारे एक लाख वीस हजार ज्यू विमानांनी इराकमधून इस्रायलला नेण्यात आले. बगदादमध्ये शनिवारच्या सकाळी ही मंडळी आदल्या दिवशी तळून ठेवलेली थंड वांगी आणि रात्रभर भांड्यात राहून तपकिरी झालेली अंडी खात. तोच नाश्ता १९६१ साली रामत गन येथे साबिख हलबी नावाच्या इराकी ज्यू गृहस्थांनी पिटात भरून विकावयास सुरुवात केली, आणि त्यांचेच नाव पदार्थाला चिकटले असे सांगतात. बसून खावयाचा नाश्ता उभ्याने खावयाचा झाला, कारण गिऱ्हाइकाला कामावर जावयाचे होते. आपल्याकडे बटाटेवडा पावात शिरला तो ह्याच घाईने.

आता ‘अंबा’ बगदादला कसा गेला? मुंबईत एकोणिसाव्या शतकात बगदादी ज्यू व्यापाऱ्यांची मोठी वसाहत होती. त्यांत ससून घराणे अग्रेसर. गोदी त्यांच्या नावाची, गिरण्या त्यांच्या नावाच्या. अशी एक दंतकथा आहे की, ससूनांना आंबा फार आवडला, त्यांनी तो शिरक्याच्या पिंपांत घालून जहाजाने बसऱ्याला पाठविला आणि त्यातून हे लोणचे झाले. दंतकथा म्हणून ती गोड आहे. मुंबई आणि इराक ह्यांच्यामधला व्यापार मात्र खरा आणि शब्द तर खराच खरा. आम्हांस दंतकथेत एकच खोट दिसते. पिंपे पाठविणाऱ्याचे नाव तिच्यात राहिले आहे. उन्हात बसून कैऱ्या चिरल्या, मीठ चोळले, पिंपे भरली, ती गोदीपर्यंत वाहिली, त्या बायकांची आणि हमालांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. त्यांचा शब्द तेवढा पोचला. तेल अवीवच्या रस्त्यावर मराठी शब्द रोज हजार वेळा उच्चारला जातो आणि उच्चारणाऱ्याला ते ठाऊकही नसते.

एकदा हा धागा हाती आला, आणि त्यानंतर त्या देशातला प्रत्येक पदार्थ आम्ही एकाच प्रश्नाने पाहू लागलो : हा कोणाच्या हातचा? कारण इस्रायल हे राज्य १९४८ सालचे, आणि त्याच्या ताटातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ त्याच्याहून वयाने मोठा. कोणी पोलंडहून आणला, कोणी मोरोक्कोहून, कोणी यमनहून, आणि काही पदार्थ तर आणावे लागलेच नाहीत, ते त्या भूमीवर आधीपासून शिजतच होते. त्यांच्याकडे पुढे येऊ.

आधी शनिवारचे पदार्थ सांगतो, कारण त्यांच्यामागे सुट्टी आहे आणि सुट्टी हा आमचा हक्काचा विषय. ज्यू धर्माप्रमाणे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ. त्या काळात काम वर्ज्य, आणि चूल पेटविणे हेही काम. तेव्हा गरम खावयाचे तर शुक्रवारी मावळतीपूर्वी भांडे मंद विस्तवावर चढवावे आणि रात्रभर त्याला त्याच्या नशिबावर सोडावे. पोलंड-रशियाकडल्या ज्यूंनी घेवड्याचे दाणे, जव, बटाटे आणि मांस ह्यांचे चोलंत केले. तिकडच्या गावांत घरोघरची भांडी शुक्रवारी भटारखान्याच्या भट्टीत नेऊन ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याने ओळखून आणीत. इस्रायलमध्ये अशा पदार्थाला हमीन म्हणतात, म्हणजे गरम. आपल्या जिभेला तो प्रथम मिळमिळीत लागेल. हरकत नाही, थंडीचे अन्न थंडीतच कळते.

आमचे मत विचाराल तर शनिवारचा राजा जखनून. हा यमनच्या ज्यूंचा. १९४९-५० साली सुमारे पन्नास हजार यमनी ज्यू विमानाने आले. बहुतेकांनी विमान त्यापूर्वी पाहिलेले नव्हते. बरोबर सामान बेताचेच होते, पण जखनून हातांत होता. मैद्याची कणीक पातळ, अगदी आरपार दिसेल इतकी ताणावयाची, लोणी फासून घडी घालावयाची, गुंडाळ्या करून झाकणाच्या जड भांड्यात एकावर एक रचावयाच्या, मध्ये कवचासकट अंडी ठेवावयाची आणि दहा-बारा तास मंद आचेवर विसरून जावयाचे. सकाळी गुंडाळ्या गुळासारख्या तांबूस होतात, साखर न घालता गोडसर लागतात. बरोबर किसलेला कच्चा टोमॅटो आणि स्खुग. हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, जिरे एकत्र वाटले की स्खुग झाला. आमच्याबरोबर कोल्हापूरकडचे एक सहकारी होते. तीन दिवस ते जेवणावर रुसले होते. स्खुग चाखून म्हणाले, ‘हा तर ठेचा!’ आणि दोन जखनून जास्त घेतले.

येथे थोडे विषयांतर करू द्यावे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने. ती मिळेपर्यंत आठवड्यातून एक दिवस काम थांबवावे ही मागणी मालकांना चमत्कारिक वाटत होती. पण आपल्या कोकणात, अलिबाग-पेणच्या बाजूस, एक जमात कित्येक पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवीत आली होती. तेलाचा धंदा आणि शनिवारची सुट्टी, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. ते म्हणजे बेने इस्राएल, आपले मराठी बोलणारे ज्यू. सुट्टीचे अन्न कसे असते ते त्यांच्या बायकांना विचारावे. आपल्याकडे पुरुषाला सुट्टी असते त्या दिवशी घरची चूल दुपटीने पेटते. रविवारचे मटण, पाहुणे, तळण. जखनूनच्या दिवशी बाईही बसते. अर्थात शुक्रवारी ती दुप्पट राबलेली असते हे त्या बायकांनीच आम्हांस हसून सांगितले, आणि आम्ही तेवढ्यावर तो विषय आवरला.

आता टंचाईचे पदार्थ. राज्य झाले आणि साडेतीन वर्षांत लोकसंख्या दुप्पट झाली. तंबूंच्या आणि पत्र्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. १९४९ पासून १९५९ पर्यंत तेथे शिधावाटप होते. कार्डावर अंडी मोजून, साखर मोजून, मांस नावापुरते. कालवलेल्या पुडीची अंडी खाल्लेली पिढी तिकडे आहे. तांदूळ मिळेना. भातावर वाढलेल्या, पूर्वेकडून आलेल्या लोकांनी काय खावे? तेव्हा पंतप्रधान बेन गुरियन ह्यांनी ओसेम नावाच्या कारखान्याला गव्हाचे काहीतरी करावयास सांगितले. कारखान्याने गव्हाच्या पिठाचे तांदळाच्या आकाराचे दाणे पाडून भाजले. लोकांनी त्याला नाव ठेवले, बेन गुरियनचा तांदूळ. ते आजचे प्तितीम. पुढे गोल दाणे निघाले, पोरांचा आवडता पदार्थ झाला, आणि आता अमेरिकेतल्या मोठ्या खानावळींत तो दिमाखाने वाढतात. रेशनच्या दुकानातली वस्तू पंचतारांकित झाली की तिची जुनी नावे कोणी काढीत नाही.

तसेच कलेजीचे. युरोपी ज्यूंना कोंबडीची कलेजी कांद्यावर परतून, अंड्याबरोबर कुटून खाण्याची सवय. कलेजी आणावी कोठून? बायकांनी वांगे तळले, कांदा चांगला तांबूस केला, अंडे घातले आणि कुटले. खोटी कलेजी. ती आजही तिकडच्या दुकानांत डब्यांतून मिळते आणि लोक ती हौसेने घेतात. हे ऐकून आम्हांस आमचे घर आठवले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. आईने काही महिन्यांनी मटणाचे वाटण वांग्याला लावण्यास सुरुवात केली. खोबरे, कांदा, गरम मसाला सगळे तेच. वास चाळभर मटणाचा जाई, ताटात फोड वांग्याची. शेजारणी विचारीत, ‘आज काय विशेष?’ आई म्हणे, ‘रविवार.’ पोटाची गोष्ट वेगळी आणि शेजारात मान राखण्याची वेगळी. बाई दोन्ही एकाच पातेल्यात शिजविते. हे आम्ही पुस्तकातून शिकलेलो नाही.

ह्यानंतर एक गोष्ट आमच्या पेशाची. डिसेंबरच्या सुमारास हनुका नावाचा सण येतो. तेलाच्या दिव्याची कथा, म्हणून तेलात तळलेले खावयाचे. घरोघर बटाट्याच्या किसाची थालीपिठे तळीत. स्वस्त, सोपी, घरच्या घरी. तिकडची कामगार महासंघटना हिस्ताद्रुत, स्थापना १९२०. तिच्या ध्यानात आले की शरद ऋतूतले सण संपले की भटारखान्यांतल्या कामगारांचे काम घटते. तेव्हा १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिने सुफगानियाचा पुरस्कार केला. सुफगानिया म्हणजे आंबवलेल्या मैद्याचा तळलेला गोळा, पोटात मुरंबा, वर पिठीसाखर. ती घरी करणे कटकटीचे, म्हणजे विकत घ्यावयाची, म्हणजे भटारखान्याला काम. आज हनुकाच्या दिवसांत तो देश लाखांनी सुफगानिया खातो. आम्ही आयुष्यभर मोर्चे काढले, घेराव घातले, लेबर कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या. पण एखाद्या सणाचा पदार्थ बदलून कामगाराला काम मिळवून द्यावे हे आमच्या कोणाच्या डोक्यात आले नाही. चिवड्याच्या कारखान्यांतल्या कामगार बंधूंनी विचार करावा.

टोमॅटोच्या तिखट रश्श्यात अंडी फोडून शिजवलेला शाकशुका हा ट्युनिशिया-लिबियाकडून आला, सकाळी तव्यासकट पुढे येतो. आपल्याकडे करता येण्यास काहीच अडचण नाही. काकडी-टोमॅटोची बारीक चिरलेली कोशिंबीर सामुदायिक शेती करणाऱ्या किबुत्झच्या भोजनगृहांनी देशभर नेली, तिकडे ती नाश्त्यालाही असते. दही नाही, शेंगदाण्याचे कूट नाही, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल. पण हीच कोशिंबीर त्याच भूमीवरचे अरब शेतकरी आधीपासून खात होते. येथे आपण त्या पुढे येऊ म्हटलेल्या गोष्टीवर आलो.

इस्रायली पदार्थ म्हणून जगात ज्यांची नावे प्रथम घेतात ते हुमुस आणि फलाफल. हुमुस हा अरबी शब्द, अर्थ हरभरा. काबुली चणे रात्रभर भिजवावे, सोड्याची चिमूट टाकून बोटाने चुरतील इतके शिजवावे, तिळाचा लगदा, लिंबू, लसूण, मीठ घालून वाटावे, बशीत पसरून मध्ये खळगा करावा आणि त्यात ऑलिव्हचे तेल सोडावे. चमचा लागत नाही, पिट्याच्या तुकड्याने पुसून खावयाचे. बरोबर कच्च्या कांद्याची पाकळी. हे श्रमिकाचे सकाळचे अन्न आहे. चांगल्या दुकानाची खूण अशी की दुपारी पातेले संपले की दुकान बंद. फलाफल म्हणजे भिजवलेले कच्चे चणे वाटून, मसाला आणि कोथिंबीर घालून तळलेले वडे. इजिप्तमध्ये ते बाकल्याचे करतात, पॅलेस्टाईन-लेबनॉनकडे चण्याचे. युरोपहून आलेल्या ज्यू कामकऱ्यांनी ते अरब शेजाऱ्यांकडून घेतले. स्वस्त होते, पोट भरीत होते, आणि दूध-मांस दोन्ही नसल्याने त्यांच्या धर्मनियमांत बसत होते. आपल्या शाकाहारी मंडळींसही चालावे.

शेजाऱ्याचा पदार्थ आवडणे ह्यात वावगे काही नाही. पण १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब आपल्या घरांतून निघाले किंवा काढले गेले आणि त्यांना परतता आले नाही. ज्याचे घर गेले त्याला, त्याच्या आईची बशी दुसऱ्याच्या नावाने टपाल-चित्रांवर छापलेली दिसली तर काय वाटत असेल? भांडण मग विनोदी वळणही घेते. जानेवारी २०१० मध्ये जेरुसलेमजवळच्या अबू घोश ह्या अरब गावात सुमारे चार हजार किलो हुमुस एका भांड्यात करून जागतिक विक्रम केला. मे महिन्यात लेबनॉनने १०,४५२ किलो केला, कारण त्या देशाचे क्षेत्रफळ तितके चौरस किलोमीटर आहे. आमच्या मते ह्या भांडणाला एक साधा तोडगा आहे : खावे, आवडीने खावे, आणि खाताना अरबांचा पदार्थ म्हणून सांगावे. तसे सांगणारे स्वयंपाकी इस्रायलमध्येही आहेत.

आणि एक गोष्ट न बोलता पुढे जाणे आम्हांस जमणार नाही. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंनी माणसे मेली, त्यांत लेकरे किती. ऑगस्ट २०२५ मध्ये अन्नटंचाई मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ पडल्याचे जाहीर केले. हुमुसच्या दुकानांपासून तो भूभाग मोटारीने तासा-दीड तासाच्या अंतरावर. तेथे पिठाच्या पोत्यासाठी माणसे रांगेत उभी होती. ह्या हंगामात इस्रायलच्या पदार्थांवर बोलावे की बोलू नये, ह्यावर आम्ही पंधरा दिवस विचार केला. बोलावे, पण हे वगळून बोलू नये, असे ठरविले.

आता शेवटी आपल्या माणसांकडे येतो. बेने इस्राएल १९४८ नंतर हळूहळू कोकणातून, मुंबईच्या भायखळ्या-डोंगरीतून तिकडे गेले. रेल्वेत, गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत काम करणारी ही माणसे. देव आपला, देश आपला, म्हणून गेली. १९५१ साली त्यांतल्या काहींनी आम्हांस परत पाठवा म्हणून तेल अवीवमध्ये ठाण मांडून धरणे धरले. तक्रारी कामाच्या, घराच्या आणि वागणुकीच्या. त्यांतली एक आमच्या मनातून जात नाही. परत आलेल्यांनी सांगितले की, बीरशेबाच्या दुकानात त्यांना पांढरा पाव दिला नाही. तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव खा, असे म्हटले. टंचाईचे दिवस होते हे खरे, पण पाव मोजून देणे वेगळे आणि कातडी पाहून देणे वेगळे. १९५२ साली त्यांतल्या काहींना विमानाने मुंबईस परत पोचविले. बरेचजण पुढे पुन्हा तिकडेच गेले, कारण इकडची घरे मोडली होती. १९६० नंतर तेथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली तेव्हा त्यांनी पुन्हा चळवळ केली, आणि १९६४ साली संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्य केले. सभा, निदर्शने, धरणे : गिरणगावात पाहिलेली हत्यारेच त्यांनी तिकडे वापरली असे आम्हांस वाटते.

आम्ही अश्दोदला अशा एका घरी जेवलो. म्हातारीचे मराठी आमच्याहून चांगले होते, अलिबागकडचे. मासळीच्या कालवणात नारळाचे दूध. मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही, पण नारळाला कोण अडवितो? नवीन वर्षाला ती गव्हाच्या चिकाचा हलवा करते, नारळाच्या दुधातच. आणि त्या दिवशी नातवाला नोकरी लागली होती म्हणून मलिदा होता. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा, वर सुकामेवा, भोवती फळे मांडलेली. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, त्याच्या नावाने नवस फेडावयाचा, प्रार्थना म्हणावयाची आणि मग वाटावयाचा. जगातल्या इतर कोणत्याही ज्यूंच्या घरी हे पोह्यांचे ताट आम्ही ऐकलेले नाही. नातू हिब्रू बोलत होता. त्याने आजीला काही विचारले. ती आम्हांस म्हणाली, ‘विचारतोय, ह्यांच्याकडेपण मलिदा करतात का?’ आम्ही सांगितले, पोहे करतात, कारण नवस फेडण्याची आमची पद्धत निराळी.

वेळ झाल्याची घंटा चिटणिसांनी दोनदा वाजविली आहे, तेव्हा अंबा कसा करावयाचा तेवढे सांगतो. मंडईत कैरी आली आहे. घट्ट, आंबट कैऱ्या घ्याव्या, साल ठेवून फोडी कराव्या, मिठात दोन दिवस ठेवून तीन-चार दिवस उन्हात वाळवाव्या. मेथी, मोहरी आणि थोडे जिरे भाजून कुटावे. हळद, तिखट घालावे. फोडी त्यांच्याच खारात आणि थोड्या शिरक्यात शिजवून सगळे एकत्र वाटावे. पळीतून ओघळेल इतके पातळ ठेवावे. वांग्याच्या चकत्या तळाव्या, अंडे उकडावे. पिटा मिळाला नाही तर पाव चालतो, आम्ही भाकरीवर घेऊन पाहिले आहे. मेथी जपून घालावी, पहिल्या खेपेस आमची जास्त झाली होती.